मदत हवी आहे: कोइंब्रा (पोर्तुगाल) इथे रूम, आज रात्रीपर्यंत डिपॉझिट भरू का?

भटका_जीव: नमस्कार मंडळी, सप्टेंबरपासून कोइंब्राला मास्टर्स सुरू होतंय. महिनाभर रूम शोधून जीव गेला, आता कुठे एक मिळालीये. जुन्या गावात वरती, युनिव्हर्सिटीपासून पाच मिनिटं, खिडकीतून मोंदेगो नदी दिसते, ३०० युरो. मालक व्हॉट्सॲपवरच बोलतो, म्हणतो दोन महिन्यांचं डिपॉझिट आज रात्री टाक नाहीतर दुसऱ्याला देतो. भरू का? आणि ऑक्टोबरमध्ये आईबाबा येतायत, चार दिवसांत काय दाखवू? प्लीज लवकर सांगा, गुगल कर म्हणू नका.

निळी_छत्री: कोणता कोर्स? कोणता पोलो? लाईट-पाणी-नेट भाड्यात की वेगळं? कॉन्ट्रॅक्ट देतोय का?

भटका_जीव: मेकॅनिकल. पोलो म्हणजे? युनिव्हर्सिटी एकच आहे ना.

निळी_छत्री: झालं! अरे पोलो म्हणजे कॅम्पस. मेकॅनिकल पोलो दोनला असतं, ते गावाबाहेरच्या अंगाला नदीकाठी आहे. तू म्हणतोयस ती पोलो एक, टेकडीवरची जुनी युनिव्हर्सिटी. तिथून रोज बस धरावी लागेल आणि येताना चढ. पोलो तीनला मेडिकलवाले. वाल दश फ्लोरेश भागात बघ, तुला तिथून चालत जाता येईल.

सातारी_तर्री: पैसे अजिबात भरू नको, शंभर टक्के फ्रॉड. माझ्या चुलतभावाचे बर्लिनला असेच गेले.

जुना_विद्यार्थी: सगळेच फ्रॉड नसतात हो. तिथले बरेच मालक वयस्कर, मुलगा नाहीतर सून व्हॉट्सॲप बघते. व्हिडिओ कॉल कर आणि कपाटामागची भिंत दाखवायला सांग. जुन्या गावातल्या घरांना हिवाळ्यात हीटिंग नसतं, ओल धरते, मी दोन वर्षं स्वेटर घालून झोपलोय आणि बुटांना बुरशी आली होती. माझं मत विचारशील तर रेपुब्लिका बघ. पोरापोरींनी मिळून चालवलेली जुनी घरं, स्वयंपाक एकत्र, निर्णय सगळ्यांनी बसून. मस्त लाईफ.

निळी_छत्री: रेपुब्लिका सल्ला म्हणून ठीक, पण तिथे जागा अशी मागून मिळत नाही, आधी जेवायला जा, ओळख होऊ दे, मग ते ठरवणार. याला आज रात्री उत्तर हवंय! आणि दादा, तिथे रात्रभर गोंगाट, इंजिनीअरिंगचा अभ्यास कधी करायचा?

जुना_विद्यार्थी: मी केला की. तुम्ही राहिला होतात का रेपुब्लिकात?

निळी_छत्री: नाही. शेजारी राहिले, ते पुरलं.

म्हापशेकार: कोइंब्रा म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार होता तेच ना. तिथेच शिकला, तिथेच अर्थशास्त्र शिकवायचा, मग १९३२ ला पंतप्रधान. आमच्या आजोबांना त्याचं नाव काढलं की जेवण जायचं नाही, गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य सोसलं.

सातारी_तर्री: काका, पोराला रूम हवीये.

कोथिंबीर_ताई: तीन लिटरचा कुकर इथूनच ने हो, आणि शिट्टी वेगळी पॅक कर. गोडा मसाला दोन किलो.

जुना_विद्यार्थी: आईबाबांसाठी: जोआनिना ग्रंथालय आधी, ठरलेल्या वेळेचं तिकीट असतं, उशीर झाला तर गेलं. १७१७ ते १७२८ मधलं बांधकाम, पुस्तकांना कीड लागू नये म्हणून आत वटवाघळं राहतात, रात्री टेबलांवर चामडं अंथरतात त्यांच्या लेंड्यांसाठी. मग केब्रा कोश्ताशच्या पायऱ्यांनी खाली, नावातच पाठ मोडते म्हणतात. संध्याकाळी फादो, म्हणजे तिथलं पारंपरिक गाणं, तिथे टाळ्या नाही वाजवायच्या, दाद म्हणून घसा खाकरायचा. आमच्या बाबांनी खरोखर खोकला काढला, लोक खूश.

भटका_जीव: बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय मे मध्ये.

निळी_छत्री: हे आधी सांगायचं ना रे! मग पायऱ्या रद्द. मार्केटपासून वर जायला लिफ्ट आहे, चालू असेल तर ती, नाहीतर टॅक्सी. खाली नदीपलीकडे सांता क्लारा-अ-वेल्या दाखव, सारखं पुराचं पाणी शिरायचं म्हणून नन्सनी १६७७ मध्ये मठच सोडला आणि टेकडीवरच्या नव्या मठात गेल्या. आणि ट्रेनने कोइंब्रा-बीलाच उतरायचं, गावातलं जुनं स्टेशन जानेवारी २०२५ मध्ये बंद झालं.

भटका_जीव: अपडेट. व्हिडिओ कॉल झाला. फ्रॉड नाहीये, आजी आहेत, नातवाने फोन धरलेला, नदी खरंच दिसते. पण कपाट सरकवलं तर मागची भिंत छतापर्यंत काळी. नको म्हटलं.

सातारी_तर्री: तरी मी सांगत होतो.

जुना_विद्यार्थी: तुम्ही फ्रॉड म्हणत होतात साहेब.

भटका_जीव: वाल दश फ्लोरेशला कोणाची ओळख आहे का? शुक्रवारी व्हिसाची अपॉइंटमेंट आहे, राहण्याचा पुरावा लागतो.

निळी_छत्री: व्हिसा बाकी आहे हे तू आत्ता सांगतोयस??

कोथिंबीर_ताई: कुकर चेक-इन बॅगेत घाल.