तंजावूर पाहण्यासाठी मार्गदर्शक कसा निवडावा?

प्रश्न: डिसेंबरमध्ये आई-वडिलांना घेऊन आम्ही दोन दिवस तंजावूरला जाणार आहोत. बसने एका दिवसात तीन-चार ठिकाणे दाखवणारी सहल घ्यावी, की स्वतंत्र मार्गदर्शक ठरवावा? वडिलांना मराठा राजवटीच्या खुणा पाहण्याची विशेष इच्छा आहे.

प्रतिसाद: स्वतंत्र मार्गदर्शकच ठरवा, मात्र आधी त्याचे पर्यटन खात्याचे ओळखपत्र पाहा आणि मराठाकालीन भाग दाखवणार का, हे स्पष्ट विचारा. बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केले, एवढे सर्वच सांगतात. परंतु त्याच मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख अनेक सहलींत पाहायचाच राहून जातो. आमच्या वेळी तसेच झाले, आणि तो आम्हाला शेवटी स्वतःच शोधावा लागला.

प्रतिसाद: ज्येष्ठांसाठी वेळेचाही विचार करावा. मंदिरात अनवाणी चालावे लागते आणि दुपारी दगडी अंगण अक्षरशः पोळते, म्हणून सकाळी लवकर मंदिर, आणि त्यानंतर राजवाडा व सरस्वती महाल ग्रंथालयाचे संग्रहालय, असा क्रम मार्गदर्शकाकडून आधीच ठरवून घ्यावा. दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम येथील चोळकालीन मंदिरे दुसऱ्या दिवशी ठेवा. तेथे मात्र केवळ गाडी आणि चालक पुरेसा होतो.

मूळ प्रश्नकर्ता: आभारी आहे. शिलालेखाविषयी ऐकून वडिलांनी आताच वही काढली आहे.