आई-बाबांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस: पोझितानो की सान्तोरिनी? शुक्रवारपर्यंत मदत हवी आहे

सायंतारा:
आई-बाबांच्या लग्नाला यंदा चाळीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त आम्ही चौघे दहा रात्रींसाठी इटली आणि ग्रीसला जाणार आहोत. इटलीतील पोझितानोत चार रात्री, तिथल्याच कॅप्री बेटावर एक आणि ग्रीसच्या सान्तोरिनी बेटावरील ओया गावात पाच, असे ठरवले आहे. ओयामध्ये कड्याच्या अगदी काठावरच्या, खोलीला लागूनच पोहण्याचा लहानसा तलाव असलेल्या एका हॉटेलात मी खोल्या धरून ठेवल्या आहेत आणि शुक्रवारी रात्रीपर्यंत पैसे भरले नाहीत तर त्या हातच्या जातील. पोझितानोच्या रात्री कमी करून सान्तोरिनीला द्याव्यात का, एवढाच माझा प्रश्न आहे. खर्चाचा विचार मी केलेला आहे, तेव्हा कृपया त्यावर चर्चा नको.

निळीगाज:
निःशंकपणे द्या. आम्ही सप्टेंबरमध्ये तिथे सहा दिवस राहिलो आणि तेही कमी वाटले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या स्फोटाने बेटाचा मध्यभाग खचून तिथे समुद्र शिरला आणि त्या उभ्या कड्यावर आजची गावे वसलेली आहेत. सकाळी अंथरुणातून उठल्याबरोबर समोर ते पाणी दिसणे, याची तुलना मी कशाशीही करू शकत नाही.

तिकोना:
उत्तर देण्यापूर्वी काही गोष्टी कळायला हव्यात. आपण महिना लिहिलेला नाही, आई-बाबांची वये नाहीत, त्यांना पायऱ्या चढता-उतरता येतात का तेही नाही. व्हिसासाठी कोणत्या देशाकडे अर्ज केला आहे?

सायंतारा:
महिना अर्थातच नोव्हेंबर, दिवाळीच्या सुट्टीत, कारण मुलीची शाळा आहे. आई 64 वर्षांची आहे, बाबा 69. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया जानेवारीत झाली, परंतु ती आता रोज सोसायटीत अर्धा तास चालते. व्हिसाचा अर्ज अजून केलेला नाही. माझा प्रश्न रात्रींच्या वाटणीचा होता.

तिकोना:
मग रात्रींची वाटणी तूर्त बाजूला ठेवा आणि शुक्रवारी पैसे भरू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नोव्हेंबरमध्ये सान्तोरिनीतील बहुतेक हॉटेले आणि खानावळी हंगाम संपवून बंद होतात. आपले हॉटेल उघडे असेलही, पण भोवतालचे गाव मिटलेले असेल आणि वाऱ्यापावसात तो उघडा तलाव वापरता येणार नाही. इटलीत अमाल्फीच्या किनाऱ्यावरही पोझितानोला जोडणाऱ्या होड्या साधारणपणे एप्रिल ते ऑक्टोबरच चालतात, त्यानंतर डोंगरकड्यावरचा एकच अरुंद वळणांचा रस्ता उरतो. शिवाय पोझितानो हे गावच पायऱ्यांचे आहे. ओयाची गुहेसारखी घरेही कड्यात उतरत्या क्रमाने कोरलेली असल्यामुळे गाडी वर थांबते आणि खोलीपर्यंत जिना उतरावा लागतो. सोसायटीतल्या सपाट रस्त्यावर अर्धा तास चालणे वेगळे आणि कठडा नसलेल्या, ओल्या दगडी पायऱ्या दिवसातून चार वेळा उतरणे वेगळे.

निळीगाज:
पायऱ्यांचा एवढा बाऊ करू नये. सामान उचलायला हॉटेलची माणसे येतात. सान्तोरिनीतल्याच इमेरोविग्ली गावात कमी पायऱ्यांच्या खोल्या शोधता येतील, किंवा सहल मे महिन्यात न्यावी.

तिकोना:
सामान उचलले जाईल, पण गुडघे उचलायला कोणी येणार नाही. माझ्या सासूबाईंना घेऊन मी तिथे गेलो होतो आणि त्या चारपैकी तीन दिवस खोलीबाहेर पडू शकल्या नाहीत. त्याची हळहळ मला आजही आहे.

घाटमाथा:
इटलीत गाडी चालवणार असाल तर भारतीय परवान्यासोबत आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना अवश्य घ्या. जुन्या शहरांमध्ये बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असलेले भाग असतात, तिथे नकळत शिरलात तर दंडाची सूचना घरी येते.

सायंतारा:
आम्ही गाडी चालवणार नाही. तिकोना, आपण म्हणता ते मला पटू लागले आहे, पण मेमध्ये जाता येणार नाही. नोव्हेंबरमध्ये मग दक्षिण युरोपात जाऊच नये का?

अबोली_सातारा:
अवश्य जावे, पण स्पेनच्या दक्षिणेकडील आन्दालुसिया प्रांताला. तिथल्या सेव्हिया शहरामध्ये नोव्हेंबरात दुपारी साधारण वीस अंश असतात, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या हिवाळ्यासारखी सुखद हवा. शहर जवळजवळ सपाट आहे. 1929 च्या प्रदर्शनासाठी बांधलेले आल्फोन्सो तेरावा हे हॉटेल आजही राजेशाही थाटात चालू आहे. तिथल्याच ग्रानादा शहरामध्ये अल्हाम्ब्रा किल्ल्याच्या आवारातच, एका जुन्या मठाच्या इमारतीत सरकारी 'पारादोर' हॉटेल आहे. ऐतिहासिक इमारतींमधून अशी हॉटेले चालवण्याची ही स्पॅनिश सरकारची योजना 1928 पासूनची आहे. तिथे राहिल्यास डोंगर चढून किल्ल्यापर्यंत येण्याचा त्रास वाचतो, थकल्यावर खोलीत परतून पाय पसरता येतात आणि मला विचाराल तर खरी चैन तीच. मात्र किल्ल्यात आतली जमीन खडबडीत आहे, त्यामुळे एका दिवसात सारे पाहण्याचा आग्रह नको. किल्ल्यातील नासरी राजवाड्यांच्या तिकिटावर नाव आणि प्रवेशाची वेळ ठरलेली असते, ती आधीच काढून ठेवा.

कोकमसार:
जेवणाचे कोणीच विचारले नाही. आई-बाबा शाकाहारी आहेत का?

सायंतारा:
हो, दोघेही. आई अंडेही खात नाही. हे लिहायचे राहून गेले.

कोकमसार:
मग प्रत्येक ठिकाणी नीट विचारावे लागेल. सेव्हियामध्ये पालक आणि काबुली चण्यांची घट्ट भाजी मिळते, ती आईंना नक्की आवडेल. टोमॅटोचे थंड, दाट साल्मोरेखो मागवताना मात्र वर अंडे आणि डुकराचे मांस घालू नका असे आवर्जून सांगा, कारण तशी तिथली पद्धतच आहे. इटलीला कधी गेलात तर पार्मेजान चीज वासराच्या जठरातील विरजणाने बनते, हेही लक्षात असू द्या.

निळीगाज:
शाकाहारासाठी सान्तोरिनीच चांगले. तिथली पिवळ्या डाळीची फावा अगदी आपल्या घट्ट वरणासारखी लागते.

तिकोना:
डाळ उत्तम आहे, पण ती खायला नोव्हेंबरात खानावळ उघडी सापडली पाहिजे. सायंतारा, व्हिसाचेही सांगतो. ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच देशाकडे शेंगेन व्हिसाचा (युरोपातील अनेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज करायचा असतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. बेत बदलला तर अर्ज स्पेनकडे करावा लागेल. पारपत्रे दहा वर्षांच्या आत दिलेली आणि परतीनंतर तीन महिने तरी वैध आहेत का, तेही पाहा.

सायंतारा:
बाबांचे पारपत्र आत्ताच काढून पाहिले. ते जानेवारीत संपते, म्हणजे परतल्यावर तीन महिनेही उरत नाहीत. उद्याच नूतनीकरणाचा अर्ज करते. ओयाच्या खोल्या मी सोडून दिल्या आहेत. एकच अडचण उरली आहे. आई वेंगुर्ल्याची आहे आणि खोलीतून समुद्राचा आवाज ऐकू यावा एवढेच तिने मागितले होते. सेव्हियाला समुद्र नाही.

अबोली_सातारा:
शेवटच्या तीन रात्री आन्दालुसियातल्याच कादिस या समुद्रकाठच्या शहराला ठेवा. सेव्हियाहून रेल्वेने दोन तासांच्या आत पोहोचता येते, जुने गाव समुद्रात शिरलेल्या सपाट भूभागावर वसलेले आहे आणि तिथले पारादोर थेट अटलांटिकसमोर उभे आहे. पैसे भरण्यापूर्वी मात्र हॉटेलला लिहून एवढे विचारा: गाडीच्या दारापासून खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत आणि लिफ्ट खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का. उत्तर लेखी येऊ द्या.