बाबांची रक्त पातळ करायची गोळी: हिरड्यांतून रक्त येतंय, बंद करायची का? (नागपूर)

मानेवाड्याची लेक: बाबा ७८ वर्षांचे. बीपी, शुगर आहेच. दिवाळीनंतर ईसीजीत एएफ (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) निघालं, तेव्हापासून अपिक्साबॅन ५, दोन वेळा. मागच्या आठवड्यात ब्रश करताना बेसिन लाल झालं, मनगटाजवळ पिशवीच्या बंदाचा काळानिळा वळ उठला. बाबा इतके घाबरले की चार दिवस गोळी गुपचूप उशीखाली सरकवत राहिले. शेजारचे काका म्हणतात ॲस्पिरिन द्या, नाहीतर गोळी अर्धी करा. कोणाला दाखवू?

धंतोलीकर: ताई, आधी आजच डॉक्टरांना फोन करून चार दिवसांचं सांगा. रक्त डोळ्यांना दिसतं, हृदयात धरणारी गुठळी दिसत नाही, म्हणून माणूस गोळीलाच घाबरतो. एएफमध्ये पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. बाबांचा पक्षाघाताच्या धोक्याचा स्कोअर बघा: पंचाहत्तरीच्या वर म्हणून २, बीपीचा १, शुगरचा १, झाले ४. दोन किंवा जास्त असला की पुरुषांना गोळी देतातच. ॲस्पिरिन ही गुठळी नीट थांबवत नाही, रक्तस्राव मात्र करते. अर्धा डोस मनानं करायचा नसतो. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.५ किंवा जास्त, यातल्या दोन गोष्टी असल्या तरच डॉक्टर तो कमी करतात. माझी आई ॲसिट्रॉम या रक्त पातळ करायच्या जुन्या गोळीवर होती, तिचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायला दर महिन्याला रक्त तपासावं लागे. पालकाची भाजी कमीजास्त झाली की आकडा हलायचा. तुमच्या गोळीला ती कटकट नाही.

निवृत्त सिस्टर: मी मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) वॉर्डात होते. रक्तस्रावाचाही स्कोअर असतो, पण तो गोळी बंद करायला नाही, सुधारता येईल ते शोधायला. वरचं बीपी १६० च्या पुढे जातं का? दारू? गुडघ्यासाठी रक्तस्राव वाढवणारी दुखण्याची गोळी घेतात का? हे सगळं विचारणारा, गोळ्यांच्या पट्ट्या उलटून बघणारा फिजिशियन किंवा हृदयरोगतज्ज्ञ धरा, मग तो धरमपेठेतला असो की मेडिकलचा. हिरड्या दंतवैद्यांनाही दाखवा, गोळी चालू आहे हे सांगून. काळी शौच, डोक्याला मार, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, यात घरी थांबायचंच नाही. शेवटची गोळी कधी घेतली तेही सांगा.

मानेवाड्याची लेक: सिस्टर, तुमचं वाचून बाबांच्या बंडीचे खिसे पाहिले. डायक्लोफिनॅक या दुखण्याच्या गोळीची पट्टी, सहा गोळ्या संपलेल्या. गुडघ्यासाठी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणत होते म्हणे. डॉक्टरांशी आत्ताच बोलले: ती पट्टी बंद, अपिक्साबॅन आज रात्रीपासून परत, राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या नाहीत. उद्या बाबांना घेऊन जाते, क्रिएटिनिनचा रिपोर्टही नेते.