एनआयएसवर बदललेला पासवर्ड इतर लिनक्स मशीनवर चालत नाही

प्रश्न:
एकाच नेटवर्कवर माझी सहा लिनक्स मशीन आहेत. डेबियन ११ (लिनक्सचा एक प्रकार) असलेले एक मशीन एनआयएसचे, म्हणजे वापरकर्त्यांची खाती एका जागी ठेवून इतर मशीनना पुरवणाऱ्या व्यवस्थेचे, मास्टर आहे. मास्टरवरून खाती घेणाऱ्या मशीनपैकी (क्लायंट) तिघांवर तीच आवृत्ती, तर दोन जुन्या क्लायंटवर सेंटओएस ७ हा लिनक्सचा दुसरा प्रकार आहे. खाती जुन्या मास्टरवरून जशीच्या तशी आणली होती. वापरकर्त्याने मास्टरवर नेहमीच्या पासडब्ल्यूडी कमांडने पासवर्ड बदलला की तो तेथे लगेच चालतो, पण पाचही क्लायंट जुनाच पासवर्ड स्वीकारतात. खात्यांची माहिती कोठे शोधायची हे ठरवणाऱ्या एनएसस्विच फाइलमध्ये आधी मशीनवरच्या फाइल्स, मग एनआयएस असा क्रम आहे. क्लायंट रीबूट करूनही फरक पडला नाही. नेमके कोठे पाहावे?

उत्तर १:
क्लायंटचा दोष दिसत नाही. पासडब्ल्यूडी कमांड मास्टरवरील शॅडो फाइल तेवढी बदलते; त्या फाइलमध्ये पासवर्डचे हॅश, म्हणजे उलट न उलगडणारी सांकेतिक रूपे असतात. क्लायंट मात्र ती फाइल कधीच वाचत नाहीत, ते तिच्यावरून बनवलेला मॅप (एनआयएसची नोंदींची यादी) वाचतात आणि तो मॅप आपोआप पुन्हा बनत नाही. एखाद्या क्लायंटवर रूट (प्रशासक) म्हणून मॅपमधील नोंद दाखवणारी वायपीमॅच कमांड चालवा व त्या वापरकर्त्याचा हॅश मास्टरच्या शॅडोमधील हॅशशी ताडून पाहा. वेगळा निघाल्यास मास्टरवर व्हार डिरेक्टरीतील वायपी फोल्डरमध्ये जाऊन मॅप नव्याने बनवणारी मेक कमांड चालवा. क्लायंटवर एनएससीडी (अशा नोंदी तात्पुरत्या साठवणारी सेवा) चालू असेल, तर जुनी नोंद काही मिनिटे तिच्या साठ्यात राहू शकते, तेव्हा लगेच निराश होऊ नका.

प्रश्नकर्ता:
हॅश खरोखरच वेगळे होते. मेकनंतर डेबियनच्या तिन्ही क्लायंटवर नवा पासवर्ड चालू लागला. सेंटओएसच्या दोन्ही मशीनवर मात्र आता जुना आणि नवा, दोन्ही नाकारले जातात, आणि वायपीमॅच तर तेथेही नवाच हॅश दाखवतो.

उत्तर २:
त्या हॅशची सुरुवात पाहा. ती डॉलर-वाय-डॉलर अशी असेल, तर तो येसक्रिप्ट या नव्या पद्धतीचा हॅश आहे. डेबियन ११ नवे पासवर्ड मुळातच त्या पद्धतीने साठवते आणि सेंटओएस ७ मध्ये हॅश तपासणाऱ्या क्रिप्ट लायब्ररीला ती पद्धत ठाऊक नाही, म्हणून पासवर्ड अचूक टाकला तरी पडताळणी होत नाही. जुन्या मास्टरवरून आलेले हॅश बहुधा डॉलर-सहा-डॉलरने, म्हणजे एसएचए-५१२ या जुन्या पद्धतीचे असतील; त्यामुळेच आजवर काही जाणवले नाही. मास्टरवर पॅमच्या (लॉगिन व पासवर्ड हाताळणारी लिनक्सची व्यवस्था) कॉमन-पासवर्ड फाइलमध्ये पॅम-युनिक्सच्या ओळीतील येसक्रिप्टच्या जागी एसएचए५१२ लिहा. ज्यांनी मधल्या काळात पासवर्ड बदलला त्यांना तो पुन्हा ठेवावा लागेल, कारण एका हॅशवरून दुसरा काढता येत नाही. त्यानंतर मेक विसरू नका.

उत्तर ३:
दर वेळी मेक टाळण्यासाठी कोणी वायपीपासडब्ल्यूडी, म्हणजे एनआयएसमधून पासवर्ड बदलणारी कमांड, सुचवील. त्याने मॅप आपोआप बनतो हे खरे, पण जुना पासवर्ड नेटवर्कवरून उघडाच जातो. मी असतो, तर सवडीने एनआयएसऐवजी खाती ठेवायला एलडॅप, त्याची देवाणघेवाण सांकेतिक ठेवायला टीएलएस आणि क्लायंटवर ती खाती वापरायला एसएसएसडी ही सेवा बसवली असती.

प्रश्नकर्ता:
सुरुवात डॉलर-वाय-डॉलर अशीच होती. फाइल बदलली, चौघांनी पासवर्ड पुन्हा ठेवले, मेक चालवले. आता सहाही मशीनवर लॉगिन होते.