बागेतील पायऱ्या खचल्या आहेत आणि दगडी भिंतीने पोट काढले आहे: दुरुस्ती करावी की उकलून पुन्हा बांधावे?

उतारावरचे_घर (साक्री तालुका)

नमस्कार. आमचे घर पिंपळनेरच्या बाजूला उतारावर आहे. घर वर, बाग खाली आणि दोन्हींमध्ये सुमारे पावणेतीन मीटरचा फरक. वडिलांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी दोन दगडी भिंती रचून हा उतार दोन टप्प्यांत बांधून घेतला होता. वरची भिंत दीड मीटर उंच आणि नऊ मीटर लांब असून खालची त्याहून थोडी बुटकी आहे. दोन्ही भिंतींच्या कडेने अठरा पायऱ्या उतरतात. रचाई कोरडी होती, म्हणजे दगडावर दगड आणि मध्ये ठोकलेल्या चिपा (दगडाच्या कपच्या), सिमेंट-चुन्याचा माल कोठेही नाही.

पाच वर्षांपूर्वी काही चिपा निसटल्या, म्हणून एका मिस्त्रीकडून दोन्ही भिंतींना सिमेंटच्या दर्जा भरून घेतल्या, म्हणजे दगडांमधले सांधे सिमेंटने बुजवून घेतले, आणि पायऱ्यांची एक बाजू सिमेंटनेच भिंतीला जोडली. दिसायला काम छान झाले. परंतु त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात वरच्या भिंतीला मध्यभागी फुगवटा आला. आता ओळंबा सोडला, तर भिंतीचे पोट वरच्या काठाच्या सुमारे अकरा सेंटिमीटर पुढे येते. खालच्या भिंतीने अजून जागा सोडलेली नाही. मधल्या सहा-सात पायऱ्या भिंतीच्या बाजूला कलल्या असून कोणती चौदा सेंटिमीटर, तर कोणती एकवीस सेंटिमीटर उंच भरते. आई रोज पहाटे पारिजातकाची फुले वेचायला याच पायऱ्या उतरते, आणि खरी काळजी तीच आहे.

एका ठेकेदाराने भिंतीला बाहेरून कॉंक्रीटचे दोन टेकू देऊन पायऱ्यांवर कोबा करण्याचे सुचवले आहे. मागचा भराव काळ्या मातीचा आहे. घराचा पाया वरच्या भिंतीपासून चार मीटरवर आहे. टेकू पुरेसे होतील का?

ओळंबा (निवृत्त स्थापत्य अभियंता, धुळे)

आपण मोजमापे दिलीत, त्यामुळे अंदाज बांधणे सोपे झाले. माझ्या मते टेकूंवर पैसे घालू नयेत.

आपल्या भिंतीचे दुखणे त्या दर्जांपासून सुरू झाले. कोरड्या रचाईत प्रत्येक सांध्यातून पाणी झिरपून जाते, आणि तोच तिचा मोठा गुण असतो. दर्जा भरल्यावर ती वाट बंद झाली, मागची काळी माती पाणी पिऊन फुगली आणि भिंतीला मातीचा भार व पाण्याचा रेटा एकाच वेळी सोसावा लागला. दीड मीटर उंचीपर्यंत पाणी साचले, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर केवळ पाण्याचा रेटा सुमारे ११०० किलो भरतो. ही उंची दुप्पट झाली तर रेटा चौपट होतो. त्यात काळ्या मातीची खोड आपल्याकडे कोणाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भेगांत वरची भुसभुशीत माती व खडे पडतात, आणि पाऊस झाल्यावर फुगण्यासाठी जागा न उरल्याने ती भिंतीलाच पुढे ढकलते. दर वर्षी भिंत थोडी पुढे सरकते, मागे मात्र कधीच येत नाही.

पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या जुन्या सामूहिक सिंचनात, पाटातले जास्तीचे पाणी पुन्हा नदीत सोडण्यासाठी सांडम ठेवलेले असतात. आपल्या भिंतीचे सांडम सिमेंटने बुजवले गेले, असे समजा.

वरची भिंत उकलावी लागेल. उकलताना वरून खाली यावे आणि एका वेळी दीड-दोन मीटरचाच तुकडा मोकळा करावा. पायथा सलग खोदून ठेवला, तर उरलेली भिंत अंगावर येते. चांगल्या तोंडाचे दगड, डबर आणि चिपा यांचे वेगळे ढीग करावेत आणि दगडांना चिकटलेले सिमेंट छिन्नीने काढून टाकावे, कारण गुळगुळीत सिमेंटवर दगड धरत नाही.

पायासाठी काळी माती पूर्ण काढून कठीण मुरूम लागेपर्यंत खाली जावे. निदान ४५ सेंटिमीटर पाया जमिनीत हवा आणि त्याचा तळ किंचित आतल्या बाजूला, म्हणजे डोंगराकडे, उतरता असावा. कोरड्या भिंतीची तळाची रुंदी उंचीच्या निम्मी धरतात. आपल्याकडे ती ७५ सेंटिमीटर येईल, आणि माथा ४५ सेंटिमीटर ठेवला तर पुढचे तोंड दर ३० सेंटिमीटर उंचीला ६ सेंटिमीटर मागे झुकेल. हा झुकाव ओळंब्याने साधत नाही. दोन्ही टोकांना लाकडी चौकट उभी करून दोरी बांधावी लागते. प्रत्येक थरात मीटर-मीटरवर एक लांब दगड भिंतीच्या पूर्ण जाडीत आरपार जाऊ द्यावा. पुढचा चिरा आणि मागचा डबर वेगवेगळे रचून मधली पोकळी मातीने भरली, तर बाहेरून देखणी दिसणारी ती भिंत आतून दोन भिंतींची होते, आणि पोट काढण्याचे ते दुसरे मोठे कारण आहे.

दगडाचा हिशोब सांगतो. जुनी भिंत ४५ सेंटिमीटर जाडीची असेल, तर तिच्यातून सुमारे दोन ब्रास दगड निघेल (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). नव्या भिंतीला पायासह चार ब्रास लागतील. म्हणजे दोन ब्रास डबर आणि मागच्या निचऱ्यासाठी दीड ब्रास खडी विकत घ्यावी लागेल.

भिंतीमागे तळापासून वरपर्यंत ३० सेंटिमीटर जाडीचा ४० एमएम खडीचा थर द्यावा, आणि खडी व माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे) घालावे, नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत चिकणमाती खडीत शिरून निचरा बंद करते. तळाशी भोके पाडलेला पाइप टाकून नऊ मीटरला नऊ सेंटिमीटर उतार दिला की पुरे. त्यामागचा भराव काळ्या मातीऐवजी मुरुमाचा, पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून दुरमुसने चोपलेला असावा. झाडांसाठी वरची वीतभर काळी माती ठेवायला हरकत नाही.

घर चार मीटरवर आहे, म्हणून या उंचीला मला फारशी चिंता वाटत नाही. मात्र भिंतीच्या माथ्याजवळ गाडी उभी राहणार असेल, तर एखाद्या अभियंत्याला जागेवर आणून दाखवल्याशिवाय काम सुरू करू नये.

केळीबाग (यावल)

ओळंबा काकांनी भिंतीचे सर्व सांगितलेच आहे, मी पायऱ्यांपुरते लिहितो. आमची वाडी सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या जमिनीत आहे. तेथे दगड फुकट मिळतो, पण तो नाल्यातला गोटा. पहिल्यांदा मी गोट्यांच्याच पायऱ्या केल्या आणि दीड वर्षात त्या घरंगळल्या, कारण गोल दगड कितीही मोठा असला तरी शेजारच्या दगडाला पकडत नाही. गोटे भरावाला वापरावेत, पायरीला खाणीतला सपाट दगडच घ्यावा.

पायऱ्या नेहमी खालून वर बांधाव्यात. सर्वांत जड दगड तळाला, निम्मा जमिनीत गाडलेला असावा, कारण वरच्या सगळ्या पायऱ्या त्याला टेकून उभ्या राहतात. त्यावरच्या पायरीची पुढची कड खालच्या दगडाच्या मागच्या भागावर चार-पाच सेंटिमीटर चढलेली हवी आणि खाली चोपलेला मुरूम हवा. उंचीची दुप्पट अधिक पाऊल ठेवण्याची रुंदी ही बेरीज ६० ते ६३ सेंटिमीटरच्या आसपास ठेवली की चाल सहज पडते. आपल्या पावणेतीन मीटरला पंधरा सेंटिमीटरच्या अठरा पायऱ्या जवळजवळ बरोबर बसतात, रुंदी बत्तीस ठेवावी. नऊ पायऱ्यांनंतर मीटरभराचा सपाट टप्पा दिलात, तर आईंना थांबायला जागा होईल. उंची मात्र सगळ्यांची अगदी सारखी असू द्या. माणूस ठेचकाळतो तो उंच पायरीवर नव्हे, तर शेजारचीपेक्षा वेगळ्या असलेल्या पायरीवर. प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूला पाच-सहा मिलिमीटर उतार द्यावा, म्हणजे पाणी थांबून शेवाळ धरणार नाही.

आणि पायऱ्या भिंतीला सिमेंटने जोडू नका. दोन बोटांची फट सोडून तिच्यात खडी भरा. भिंत हलली तर ती पायऱ्यांना सोबत ओढते, हे आपण अनुभवलेच आहे.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

कोरड्या रचाईचे कौतुक मान्य आहे, पण ती जमणारे कारागीर आता किती उरले आहेत? माझ्या अनुभवात आरसीसी भिंत परवडते, जागाही कमी लागते.

ओळंबा

कारागिरांबद्दलची तक्रार खरी आहे. जागा अरुंद असेल किंवा उंची दोन मीटरच्या पुढे जात असेल, तेथे मीही आरसीसी सुचवेन. मात्र तिलाही मागे तीच खडी लागते, शिवाय दीड-दीड मीटरवर ७५ ते १०० एमएम व्यासाचे, बाहेर उतरते वीप होल, म्हणजे पाणी बाहेर पडण्याची भोके, लागतात. कोरडी भिंत पुढे हलली तर तेवढा तुकडा उकलून त्याच दगडांनी पुन्हा रचता येतो, आरसीसीला ती सोय नाही. मालात बांधायचेच असेल, तर मेच्या उन्हात बांधू नये. चव्वेचाळीस अंशांत पाणी मारण्याआधीच माल सुकतो.

उतारावरचे_घर

सर्वांचा आभारी आहे. काल भिंतीमागे एक लहान खड्डा घेऊन पाहिला. वर माती कोरडी आणि भेगाळलेली होती, पण कमरेएवढ्या खोलीवर ती मार्च महिन्यातही ओली, हाताला चिकटणारी निघाली. पावसाचे पाणी एवढे टिकणार नाही, म्हणून शोध घेतला तेव्हा मोरीच्या पाइपचा एक सांधा निखळलेला सापडला. तो कधीपासून गळत आहे, हे घरात कोणालाच माहीत नव्हते.

पाइप आज बदलला. तो भिंतीपासून दूर, पलीकडच्या चरात सोडला आहे. टेकूंचे काम ठेकेदाराला नको म्हणून कळवले. एक वृद्ध कारागीर मिळाले आहेत, पुढच्या आठवड्यात वरच्या भिंतीचा पहिला दोन मीटरचा तुकडा उकलू. तोपर्यंत पायऱ्यांच्या तोंडाशी दोरी बांधून ठेवली आहे आणि आईसाठी पारिजातकाची फुले मीच वेचून वर आणतो.

ओळंबा

पाइपचा शोध लावलात, हे फार बरे झाले. माती पूर्ण कोरडी होऊ द्या. ती ओली असताना उकलायला घेऊ नका, आठवडाभर उशीर झाला तरी चालेल. भिंत पूर्ण झाल्यावर माथ्यापासून हातभर मागे वाळ्याची एक ओळ लावा. त्याची मुळे सरळ दोन-तीन मीटर खाली जातात आणि दगड उचकटत नाहीत. भिंतीत पिंपळाचे रोप दिसले, तर मात्र त्याच दिवशी मुळासकट काढा.