मदत हवी: 'कगप' मराठी कीबोर्ड लेआउटमधले बदल अपडेटनंतर टिकवायचे कसे?

नमस्कार मंडळी,

खानापुरात आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, कचेरीत द्यायचे अर्ज. पत्रिका बहुतेक मराठीत, अर्ज कन्नडमध्ये, आणि कधी एकाच कागदाच्या दोन बाजूंना दोन भाषा. टाइप करणाऱ्या पोरांची बोटं आधीच 'नुडी' या कन्नड टायपिंग सॉफ्टवेअरवर बसलेली, म्हणून मराठीला इनस्क्रिप्ट ही सरकारी प्रमाण मांडणी न लावता लिनक्समधला 'मार-कगप' लेआउट दिलाय. (कगप म्हणजे कन्नड गणक परिषद, 'नुडी'वाले. त्यांच्या मांडणीवर रोज मराठी बडवणारे सीमाभागाबाहेर कोणी असतील तर हात वर करा!)

आता अडचण. ॲ आणि ₹ मला उजव्या ऑल्टवर हवेत. ॲडव्होकेट नाही असा अर्ज नाही आणि ₹ नाही असं हँडबिल नाही. एक्सकेबीच्या (लिनक्सची कीबोर्ड-व्यवस्था) 'सिम्बॉल्स/इन' फाइलीत थेट लिहिलं तर पॅकेज अपडेट झालं की ती पूर्ववत होते, हे माहीत आहे. म्हणून 'दुकान' नावाची वेगळी फाइल करून होम फोल्डरातल्या डॉट-कॉन्फिग/एक्सकेबी/सिम्बॉल्समध्ये ठेवली. उबुंटूच्या वेलँडवाल्या (स्क्रीन-कीबोर्ड सांभाळणारी नवी प्रणाली) मशीनवर झकास चालते. लुबुंटूच्या जुन्या मशीनवर मात्र लेआउट लावणारा सेटएक्सकेबीमॅप म्हणतो, 'एरर लोडिंग न्यू कीबोर्ड डिस्क्रिप्शन'. फाइल तीच, अक्षराचाही फरक नाही. शिवाय सगळ्या मशीनवर एका कमांडने लेआउट पोचवायचा आहे. माउसने सेटिंग्ज उघडत बसायला वेळ नाही, लग्नसराई आहे.

प्रतिसाद १
अण्णा, फाइलीत दोष नाही. लुबुंटूवर एक्स११ आहे, म्हणजे वेलँडच्या आधीची जुनी प्रणाली. तिथे एक्स सर्व्हर स्वतः एक्सकेबीकॉम्प (लेआउटच्या फाइली वाचून लोड करणारा प्रोग्रॅम) चालवतो आणि तो फक्त सिस्टीमच्या फोल्डरात बघतो. होम फोल्डर वाचणारी लायब्ररी लिबएक्सकेबीकॉमन, ती वेलँडवाल्यांची.

तात्पुरतं हवं असेल तर 'सेटएक्सकेबीमॅप -प्रिंट'चं आउटपुट पाइपने एक्सकेबीकॉम्पला द्या आणि '-आय' लावून तुमचा फोल्डर दाखवा. '-आय' आणि फोल्डरच्या नावामध्ये जागा सोडायची नाही. पण कायमचं हवं असेल तर फाइलीचं नाव 'कस्टम' ठेवून ती सिस्टीमच्या सिम्बॉल्स फोल्डरातच टाका. पॅकेज या नावाची फाइल आणत नाही, त्यामुळे अपडेट तिला हात लावत नाही. एक्सकेबीच्या नव्या आवृत्त्यांच्या लेआउट-यादीत 'कस्टम'ची नोंद आधीच असते, म्हणजे सेटिंग्जमध्येही दिसेल.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. फक्त अख्खा लेआउट कॉपी करू नका, नाहीतर मूळ फाइलीतली दुरुस्ती तुमच्यापर्यंत कधीच येणार नाही. सुरुवातीला 'इन' मधला 'मार-कगप' इन्क्लूड करा, मग 'लेव्हल३' मधला 'आरऑल्ट_स्विच' (उजव्या ऑल्टवरची चिन्हं चालू करणारा), आणि खाली फक्त बदललेल्या कळा. ॲ साठी यू०९७२ हा युनिकोड क्रमांक लिहा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, ₹ तर २०१० साली, त्यामुळे जुन्या लेआउटमध्ये ॲ च्या जागी बऱ्याचदा ऍ सापडतो. तो हिंदीवाल्यांचा.

फाइल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन) ठेवा. छोटी स्क्रिप्ट करा: आधी एक्सकेबीकॉम्पने तपासणी, चूक निघाली तर तिथेच थांबायचं, नाहीतर प्रत्येक मशीनवर एससीपीने (नेटवर्कवरून फाइल कॉपी करणारी कमांड) पाठवायचं. तपासणी गाळू नका, एक अर्धविराम राहिला तरी तो लेआउट लोड होत नाही.

मूळ धागाकर्ता
जमलं की ओ! उबुंटूवर 'कस्टम' यादीत दिसला. लुबुंटूवर दिसला नाही, तिथे सेटएक्सकेबीमॅप ऑटोस्टार्टमध्ये टाकला: लेआउट 'यूएस,कस्टम,इन', व्हेरिअंट ',,कॅन-कगप'. ते पुढचे दोन स्वल्पविराम का, ते कोणी सांगेल का? एक काढला तर परत तीच एरर. आणि क्ष, ज्ञ एका कळेवर बसतील का?

प्रतिसाद १
व्हेरिअंट क्रमाने लागतात. पहिल्या दोन लेआउटना व्हेरिअंट नाही, म्हणून त्या जागा रिकाम्या. एक काढला की 'कॅन-कगप' जाऊन 'कस्टम'ला चिकटतो आणि त्या फाइलीत तो नाही. असे चारच लेआउट एकावेळी बसतात, तुमच्याकडे अजून एकाची जागा आहे.

क्ष मात्र एक्सकेबीत बसणार नाही. तिथे कळ एकदा दाबली की एकच चिन्ह, आणि क्ष म्हणजे क, हलन्त, ष अशी तीन. त्यासाठी आयबस (टायपिंगचं वेगळं सॉफ्टवेअर) घेऊन एम१७एनची (त्याला जोडायची अनेक भाषांची टायपिंग-लायब्ररी) फाइल लिहावी लागेल. रोज किती क्ष लागतात ते बघा आणि मगच त्या भानगडीत पडा.