मदत हवी आहे: स्केटिंग आणि कॉलेज दोन्ही कसं सांभाळावं?

नमस्कार मंडळी, लेकीसाठी विचारतेय. ती एस. वाय. बीएस्सीला आहे, विषय संख्याशास्त्र. फिगर स्केटिंगमध्ये राज्य पातळीवर दोनदा पहिली आली. रोज पहाटे साडेचारला उठून कोथरूडहून सरावाला जाते, तोही चाकांच्या स्केट्सवर. बर्फावर सराव करायचा तर सुट्टीत थेट डेहराडून गाठावं लागतं. सध्या डबल ॲक्सेल बसवतेय. हवेत अडीच गिरक्या! पडून पडून गुडघे काळेनिळे झालेत, पण सोडत नाही.

अडचण हजेरीची आहे. ७५ टक्के भरत नाही आणि प्रॅक्टिकल बुडतात. स्पर्धेची पत्रं दिली, तरी कॉलेजात कुणी नीट उत्तर देत नाही.

अमेरिकेचा फिगर स्केटर नेथन चेन तिथल्या येल विद्यापीठात संख्याशास्त्रच शिकत होता. शिकता शिकता २०१९ चं विश्वविजेतेपद जिंकलं, मग शिक्षण थांबवून २०२२ मध्ये बीजिंगला ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं आणि २०२४ मध्ये पदवीही घेतली. लेक म्हणते, "आई, मीही वर्षभर थांबू का?" मला थांबवणं चुकीचं वाटत नाही, पण परत प्रवेश मिळेल ना, याची धास्ती आहे.

पुणे विद्यापीठात कुणाच्या मुलांनी खेळासाठी असा खंड घेतलाय का? क्रेडिट्स टिकली का? अर्ज प्राचार्यांकडे करायचा की विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे? महिनाअखेरीस ठरवायचंय, कृपया अनुभव सांगा.